‘बेरूफ’ म्हणजे नोकरी की बोलावणं?

प्रश्न असा आलाय: जर्मनच्या क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात ‘वास झिंड झी फॉन बेरूफ?’ म्हणजे ‘तुम्ही व्यवसायाने कोण?’ असं शिकवतात, पण एका लुथरन पाळकांनी उपदेशात सांगितलं की बेरूफ हा शब्द सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने घडवला आणि त्याचा अर्थ देवाचं पाचारण. यातलं खरं काय, आणि मराठीत याला एक शब्द आहे का?

दोन्ही खरं आहे, फक्त ‘घडवला’ हे जरा जास्त झालं. रूफेन म्हणजे हाक मारणं, त्यावरून बेरूफेन म्हणजे बोलावणं, नेमणं. बेरूफ हे नामसुद्धा ल्यूथरच्या आधीपासून होतं पण मध्ययुगीन जर्मनमध्ये त्याचा अर्थ होता लौकिक, माणसाचं लोकांत असलेलं नाव. ल्यूथरने शब्द नवा आणला नाही, होता तो उचलला आणि त्यात दोन अर्थ एकत्र ओतले, देवाची हाक आणि रोजचं काम.

हे किती मोठं होतं ते कळायला आधीची परिस्थिती बघावी लागते. तेव्हा ‘वोकात्सियो’ हा लॅटिन शब्द, म्हणजे बोलावणं, बोलीत मुख्यतः मठात जाणाऱ्यांसाठी राखीव झाला होता. साधू, जोगीण, धर्मगुरू यांना देवाने बोलावलं, बाकीचे शेतकरी, चांभार, आया, मोलकरणी हे आपलं नुसतं पोट भरतात. ल्यूथर स्वतः 1505 साली एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात गेला होता, वडिलांची इच्छा होती की पोराने वकील व्हावं, ती मोडून गेला होता, म्हणजे या शब्दाच्या आत राहून आलेला माणूस आहे तो. पुढे 1521 मध्ये त्याने मठातल्या व्रतांविरुद्ध लिहिलं आणि 1525 मध्ये कातारीना फॉन बोरा या मठ सोडलेल्या जोगिणीशी लग्न केलं.

आता शब्द बदलला कुठे ते बघा, मला हा भाग सगळ्यात आवडतो. 1522 च्या नव्या कराराच्या भाषांतरात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात, ज्या स्थितीत बोलावणं आलं तिथेच प्रत्येकाने राहावं अशा अर्थाचं जे वचन आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘क्लेसिस’ आहे, म्हणजे सरळ सरळ हाक. तिथे त्याने ‘रूफ’ घातला, त्यात विशेष काही नाही. पण 1534 च्या संपूर्ण बायबलात सिराखच्या पुस्तकात 11 व्या अध्यायात मूळ ग्रीक शब्द आहेत नुसते ‘काम’ आणि ‘कष्ट’, हाक कुठेच नाही, आणि तिथे त्याने दोन्हीकडे बेरूफ लिहिलं! देवावर भरवसा ठेव आणि आपल्या बेरूफमध्ये टिकून राहा. कामाच्या जागी हाक येऊन बसली ती इथे. (सिराख हे प्रॉटेस्टंट मराठी बायबलात सापडणार नाही, ल्यूथरनेही ते जुन्या आणि नव्या कराराच्या मधे वेगळं ठेवलं होतं, वाचायला चांगलं पण शास्त्राच्या बरोबरीचं नाही म्हणून. कॅथलिक बायबलात आहे.) ही गोष्ट जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने 1904-05 मध्ये भांडवलशाहीवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लांबलचक तळटिपा देऊन मांडली. डच बेरूप, स्वीडिश काल, डॅनिश काल्द हेही याच घरातले, सगळ्यांच्या मुळाशी हाक आहे.

पण वेबरमुळे एक घोटाळाही झालाय असं माझं मत आहे. लोकांना वाटतं बेरूफ म्हणजे पगाराचं काम मन लावून करणं. ल्यूथरच्या लिखाणात पगार मधे येतच नाही. 1520 मध्ये सत्कृत्यांवर लिहिताना तो म्हणतो की विश्वासाने केलं तर जमिनीवरची काडी उचलणंसुद्धा देवाला आवडतं. 1522 च्या विवाहावरच्या लिखाणात तर बाप बाळाची लंगोटं धुतोय, लोक त्याला बायल्या म्हणून हसतायत, आणि देव सगळ्या दूतांसह हसतोय, पण तो आनंदाने, कारण हा बाप ते विश्वासाने करतोय. पाचशे वर्षांपूर्वी लिहिलंय हे! शिवाय बेरूफ एकच नसतो, माणसाला एकाच वेळी तीन चार असतात, बाप, मुलगा, शेजारी, कारागीर, नागरिक. 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीच्या, म्हणजे ल्यूथरने लिहिलेल्या धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी ‘हाउसटाफेल’ म्हणजे घरासाठीचा फलक आहे, त्यात नवरा, बायको, आईबाप, मुलं, मालक, नोकर अशा प्रत्येकाला बायबलातली वचनं वेगवेगळी काढून दिलीत. आजारी सासूला भरवणारी, घरीच असलेली बाई ल्यूथरच्या हिशोबाने पूर्ण बेरूफमध्ये आहे, आणि आजच्या जर्मन फॉर्मवर ‘बेरूफ’ पुढे ती बहुतेक रिकामी जागा सोडेल. शब्द एवढा आक्रसलाय. म्हणून आता जर्मनमध्ये हाकेचा अर्थ सांगायला वेगळा ‘बेरूफुंग’ वापरतात.

अजून एक, ‘ख्रिस्ती चांभार बुटावर छोटे क्रूस काढत नाही तर चांगले बूट शिवतो’ हे वाक्य ल्यूथरच्या नावावर सगळीकडे फिरतं, कृपया ते त्याचं म्हणून देऊ नका, त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. ‘देवाला आपल्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे’ हेही त्याच्या तोंडी घालतात, ते गुस्ताफ विंग्रेन या स्वीडिश धर्मशास्त्रज्ञाने त्याचा विचार मांडताना लिहिलंय. आशय मात्र ल्यूथरचाच, आणि बेरूफचं सार त्यात आलं: हाक देवाची, काम शेजाऱ्यासाठी.

आता मराठी. बायबलात ‘पाचारण’ आहे, इफिसकरांस पत्रात ‘पाचारणास शोभेल असे चाला’ हे सगळ्या मंडळ्यांत पाठ असतं. शब्द जुना आणि सुंदर आहे, पेपरातही ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं’ असं येतं, म्हणजे हाक जिवंत आहे त्यात. पण आपल्या ख्रिस्ती बोलीत ‘त्याला पाचारण झालं’ म्हटलं की समजायचं तो सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायच्या शाळेत गेला. नर्सला, एसटी ड्रायव्हरला पाचारण झालं असं कोणी म्हणत नाही. ‘सेवा’चं तेच, ‘ते सेवेत आहेत’ म्हणजे पाळक आहेत. म्हणजे ल्यूथरच्या आधी वोकात्सियोचं जे झालं होतं नेमकं तेच आपण पाचारणाचं केलंय, आणि मला हे मनापासून खुपतं.

दुसऱ्या बाजूला पेशा, व्यवसाय, धंदा यात हाक नाही. कोणीतरी ‘स्वधर्म’ सुचवेल, मी विरोध करीन. ज्या समाजातून आपल्यातले कितीतरी लोक चर्चमध्ये आले त्यांना ‘जन्माने मिळालेलं काम देवाने दिलेलं, तेच कर’ हे पिढ्यानपिढ्या ऐकवलं गेलंय. ल्यूथरमध्येही हा धोका आहे, लपवायचं कारण नाही, 1525 च्या शेतकरी उठावानंतर तो ‘आहात तिथे राहा’कडे जास्त झुकला हे वेबरनेही नोंदवलंय. पण बेरूफ जन्मावर नाही, ज्याने वडिलांनी ठरवलेली वकिली सोडली आणि नंतर मठही सोडला तो माणूस स्वतःच त्याचा पुरावा आहे.

त्यामुळे भाषांतर करत असाल तर माझं मत: ‘पाचारण’च ठेवा, पण त्याला कामाला जोडून वापरा. ‘आईपणाचं पाचारण’, ‘सुताराचं पाचारण’ असं बिनधास्त लिहा. पहिल्यांदा कानाला खटकेल, सिराखमधला बेरूफही त्या काळच्या वाचकाला खटकलाच असेल.

जाता जाता, मी लाइपझिगमध्ये एका निवृत्त नर्स आजींकडे भाड्याने राहायचो, त्या रोज रात्री दिवा मालवताना मला ‘फ्लुग्स उंट फ्र्योलिश!’ म्हणायच्या, म्हणजे झटपट आणि आनंदाने. मला वाटायचं ही त्यांच्या घरची म्हण. मग कळलं की लहान प्रश्नोत्तरीतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरची ती सूचना आहे, आता झटपट आणि आनंदाने झोप. सकाळच्या प्रार्थनेनंतरची सूचना आहे, आनंदाने आपल्या कामाला जा आणि एखादं गीत म्हण. आजींनी चाळीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्या होत्या, आणि झोपेची सूचना त्या सकाळी घरी येऊन पाळायच्या असं त्यांनीच सांगितलं.