वाचकांचे प्रश्न : इनुइट रोजगाराचा संचालक नेमकं करतो काय?

कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत हा प्रदेश आहे आणि इनुइट हे तिथले आदिवासी. तिथल्या सरकारी नोकऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. लांबलचक प्रश्न थोडे आवरते केले आहेत.

प्रश्न : मुलगी टोरांटोत मनुष्यबळ विभागात काम करते. नुनावुत सरकारची ‘संचालक, इनुइट रोजगार’ अशी जाहिरात तिने पाहिली. पद इकालुइटला, म्हणजे नुनावुतच्या राजधानीत आहे. खाली ‘नुनावुत इनुइटांना प्राधान्य’ असं छापलंय. मग इतरांनी अर्ज करावा का? आणि या माणसाला दिवसभर काम तरी काय असतं? (पुणे)

प्राधान्याची ओळ शोभेला छापलेली नाही. पदाच्या अटींत बसणारा नोंदणीकृत इनुइट उमेदवार असेल तर आधी त्याचा विचार होतो, नसेल तर इतरांचा. काही जाहिराती फक्त नुनावुत इनुइटांपुरत्याच असतात, तिथे अर्ज करून उपयोग नाही. सर्वांना खुली असेल तर मुलीने जरूर अर्ज करावा. मात्र बाहेरून आलेल्या संचालकाने आपल्या जागी बसेल असा इनुक (एका इनुइट व्यक्तीला इनुक म्हणतात) तयार करून निघावं, अशी अपेक्षा या पदावर उघडपणे असते. कायमचं बस्तान बसवायला निघालेल्यांना हे जड जातं.

आता कामाचं. 25 मे 1993 रोजी इकालुइटमध्ये इनुइट आणि सरकार यांच्यातल्या नुनावुत करारावर सह्या झाल्या आणि 1 एप्रिल 1999 ला नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. त्या करारातलं कलम 23 सरकारी नोकरीतल्या इनुइटांबद्दल आहे. लोकसंख्येत इनुइट साधारण 85 टक्के, म्हणून सरकारी नोकरीतही तेवढे हवेत. नुसती एकूण बेरीज तेवढी होऊन भागत नाही, प्रत्येक व्यवसायगटात आणि प्रत्येक श्रेणीत हे प्रमाण यायला हवं. संघ सरकार आणि प्रादेशिक सरकार दोघांवर हे बंधन आहे.

त्यासाठी प्रत्येक विभागाने इनुइट रोजगार योजना करायची असते आणि तिच्यात काय हवं ते करारातच लिहिलं आहे. कुठे इनुइट कमी आहेत याचं विश्लेषण. आकडे आणि मुदती घातलेली टप्प्यांची उद्दिष्टं. भरती-बढतीच्या कोणत्या नियमांमुळे इनुइट मागे पडतात याची छाननी. निवड समितीत इनुइटांचा सहभाग. नोकरीत असताना शिकण्याची सोय. आणि योजनेवर लक्ष ठेवायला एक वरिष्ठ अधिकारी.

त्यामुळे संचालकाचा दिवस उमेदवार शोधण्यात कमी आणि इतर विभागांच्या मागे लागण्यात जास्त जातो. त्याच्या हातात शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा थोडाफार निधी असतो, पण आरोग्य किंवा शिक्षण विभागातली रिकामी जागा भरायचा अधिकार नसतो. तो अधिकार त्या विभागाच्या व्यवस्थापकाचा. हे ज्याला आधी कळलं तो टिकतो. पहिल्याच महिन्यात प्रत्येक विभागाच्या उपमंत्र्याबरोबर (तिथे हा राजकारणी नसून विभागाचा सर्वोच्च अधिकारी असतो) बसून ‘या वर्षी नेमकी कोणती पदं इनुइट उमेदवारांसाठी तयार करायची’ याची पदक्रमांकांसह यादी घ्यावी. क्रमांक नसलेली यादी म्हणजे कागदी घोडे.

प्रश्न : हे आपल्याकडच्या आरक्षणासारखंच झालं की! (सोलापूर)

वरवर पाहता तसं वाटतं, पण यंत्रणा वेगळी आहे. बिंदुनामावली नाही, अमुक क्रमांकाची जागा अमुक प्रवर्गाला अशी रचना नाही. पाया जातीचा किंवा मागासलेपणाचा नसून कराराचा आहे. इनुइटांनी या भूमीवरचे आपले आदिवासी हक्क करारातल्या हक्कांच्या बदल्यात सोडले, त्या बदल्यात मिळालेल्या वचनांपैकी हे एक. वचन पाळलं नाही म्हणून नुनावुत टुंगाविक या इनुइटांच्या संस्थेने 2006 मध्ये संघ सरकारवर 1 अब्ज डॉलरचा दावा लावला. 2015 मध्ये तडजोड झाली, 25 कोटी 55 लाख डॉलर मिळाले आणि त्यातला मोठा हिस्सा प्रशिक्षणासाठी राखला गेला.

पात्रतेचा पुरावा मात्र दोन्हीकडे लागतो. इथे तो म्हणजे नुनावुत कराराखालची नोंदणी, जिच्याबद्दल त्या त्या गावची नोंदणी समिती ठरवते. क्वेबेकच्या नुनाविकमधला किंवा लॅब्राडोरमधला इनुक या प्राधान्यात बसत नाही, कारण त्यांचे करार निराळे. नवे भरती अधिकारी इथे हमखास चुकतात.

प्रश्न : करार होऊन तीस वर्षं उलटली, तरी प्रमाण निम्म्याच्या आसपास का अडकलंय? (कोल्हापूर)

आधी गणित पाहू, कारण त्यातच निम्मी फसगत आहे. समजा एका विभागात 120 पदं मंजूर आहेत, 36 रिकामी, 84 भरलेली, त्यांत 42 इनुइट. प्रमाण 50 टक्के. आता बिगर-इनुइट पाच जण राजीनामा देऊन दक्षिणेला परतले. भरलेली राहिली 79, आणि प्रमाण झालं 53. एकही नेमणूक न होता आलेख वर गेला! उलट सगळ्या 36 रिकाम्या जागांवर इनुइट नेमले तरी 120 पैकी 78, म्हणजे 65 टक्केच होतात. म्हणून नुसती टक्केवारी दाखवणाऱ्या अहवालावर विसंबू नये. मंजूर पदं, भरलेली पदं, त्यांतले इनुइट आणि वर्षभरात आलेले-गेलेले हे चारही आकडे शेजारी शेजारी मांडावेत. ही चार रकान्यांची मांडणी जो संचालक पहिल्या तिमाहीतच सुरू करतो, त्याच्याशी कुणी आकड्यांवरून वाद घालत नाही.

दुसरं, श्रेणी. कार्यालयीन सहायकांच्या पदांवर इनुइट भरपूर आहेत. परिचारिका, शिक्षक, अभियंते, लेखापाल अशा व्यावसायिक पदांवर आणि वरच्या व्यवस्थापनात कमी. कारण शाळेपर्यंत जातं. कराराच्या अंमलबजावणीतला तिढा सोडवण्यासाठी नेमलेल्या थॉमस बर्जर यांनी 2006 च्या अहवालात हेच सांगितलं होतं: चारपैकी एकच इनुइट मूल बारावी पूर्ण करतं, आणि शाळेत मातृभाषा व इंग्रजी दोन्ही भक्कम झाल्याशिवाय हा आकडा हलणार नाही. त्या वेळी प्रादेशिक सरकारात इनुइट 45 टक्के होते. म्हणजे शाळेचा प्रश्न एका संचालकाच्या कार्यकाळात सुटणारा नाही. पण त्याच्या आवाक्यात असलेल्या गोष्टीही कमी नाहीत, आणि दुर्दैवाने त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं.

प्रश्न : मी मनुष्यबळ व्यवस्थापन शिकते. ‘अवास्तव पात्रता काढून टाका’ असं वाचलं. प्रत्यक्षात जाहिरात बदलतात कशी? (नाशिक)

एक उदाहरण घेऊ. गावपातळीवर गृहनिर्माणाचे अर्ज तपासणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याचं पद. जुन्या जाहिरातीत ‘पदवी, तीन वर्षांचा अनुभव, अहवाल-लेखनाचं कौशल्य’. पदाचं कर्तव्यपत्रक समोर घ्या आणि प्रत्येक कामापुढे लिहा : हे करायला काय यायला हवं? अर्ज वाचणं, कुटुंबाशी बोलणं, संगणकात नोंद करणं, महिन्याला एक पानाचा अहवाल. यातल्या एकाही कामाला पदवी लागत नाही. दहा वर्षं गावच्या सहकारी दुकानाचा हिशेब पाहिलेली बाई हे काम पहिल्या आठवड्यात करेल. तेव्हा ‘पदवी’ च्या जागी ‘बारावी, किंवा हिशेब अथवा नोंदी ठेवण्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा दोन्हींचा समतुल्य मेळ’ असं करा. गावातल्या वयस्कांशी इनुक्टिटुट या इनुइट भाषेत बोलता येणं ही अट मात्र ‘असल्यास उत्तम’ मधून ‘आवश्यक’ मध्ये हलवा, कारण तेच खरं काम आहे. करारात तर स्पष्ट म्हटलं आहे की निवडीच्या निकषांत इनुइट संस्कृती आणि समाजाचं ज्ञान, भाषेवरचं प्रभुत्व, तिथल्या निसर्गाची जाण, उत्तरेतला अनुभव धरावा.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. जाहिरात बदलते, पण छाननीचा तक्ता जुनाच राहतो. ‘समतुल्य’ला गुण किती ते लिहिलेलं नसेल तर छाननी करणारा पदवीधराला पुढे ढकलतो. म्हणून जाहिरात निघण्यापूर्वीच समतुल्यतेचा तक्ता मंजूर करून घ्यावा, आणि समितीत निदान एक इनुक सदस्य असावा, तोही गुण देणारा, नुसता बसणारा नाही.

नर्स, अभियंता अशा परवाना लागणाऱ्या पदांना हे लागू नाही. तिथे पात्रता कमी करता येत नाही, प्रशिक्षणच द्यावं लागतं.

प्रश्न : प्रशिक्षणार्थी नेमतात म्हणे. त्याचा निकाल काय? (छत्रपती संभाजीनगर)

‘सिवुलिक्तिक्सात’ ही प्रादेशिक सरकारची योजना याचसाठी आहे. ठरावीक व्यवस्थापकीय किंवा तज्ज्ञ पद समोर ठेवून इनुइट उमेदवार पगारावर घेतात, त्याला मार्गदर्शक देतात, लेखी प्रशिक्षण आराखडा करतात आणि शेवटी तो त्या पदावर बसतो. कल्पना उत्तम.

ती कुठे फसते तेही ठरलेलं आहे. मार्गदर्शक म्हणजे दक्षिणेतून दोन वर्षांसाठी आलेला व्यवस्थापक. तो मध्येच निघून जातो, प्रशिक्षणार्थी एकटाच पूर्ण काम ओढतो, आणि आराखडा कपाटात राहतो. वर्ष संपताना ‘अजून तयार नाही’ असा शेरा मिळतो. उपाय साधे आहेत. मार्गदर्शक दोन ठेवावेत, त्यांतला एक दुसऱ्या विभागातला. आठवड्यातला एक ठरावीक अर्धा दिवस फक्त शिकण्याचा, त्यात फोन नाही. दर तीन महिन्यांनी कौशल्यांच्या यादीवर दोघांच्या सह्या. आणि मार्गदर्शक गेल्यावर पद रिकामं न ठेवता प्रशिक्षणार्थीला लगेच प्रभारी नेमून प्रभारी पदाचाच पगार द्यावा. पगार न वाढवता जबाबदारी वाढवली की चांगली माणसं खाणीत किंवा संघ सरकारच्या कार्यालयात निघून जातात. इनुइट मूल्यांत ‘पिलिम्माक्सार्निक’ म्हणजे पाहून, करून, सरावाने कौशल्य मिळवणं. आराखडा त्या पद्धतीचा करावा. चार दिवसांच्या वर्गाने व्यवस्थापक घडत नाही.

संघ सरकारसाठी असंच काम इकालुइटमधलं पिलिम्माक्साइविक हे केंद्र करतं. दोघांनी एकमेकांचे उमेदवार पळवण्यापेक्षा याद्या वाटून घेतल्या तर बरं, पण पगारपत्रक दोघांचं वेगळं असल्याने ते अवघड जातं.

प्रश्न : नोकरी दिली तरी लोक घेत नाहीत, असं वाचलं. का? (ठाणे)

घर. नुनावुतमध्ये 25 वस्त्या आहेत, एकीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही, बांधकामाचं सामान उन्हाळ्यात जहाजाने येतं. घरं कमी, माणसं दाटीने राहतात. सार्वजनिक घराचं भाडं उत्पन्नावर ठरतं, त्यामुळे पगार सुरू झाला की भाडंही चढतं. सरकारी कर्मचाऱ्याला मिळणारं घर नोकरीशी बांधलेलं, नोकरी सुटली की घरही सुटतं. मग एखादी आजी घरातल्या सात जणांना सोडून दुसऱ्या गावची बढती का घेईल?

उमेदवाराला होकार विचारण्याआधी तीन गोष्टी कागदावर द्याव्यात : घर आहे का, भाडं किती, मुलांची सांभाळणूक कुठे. शक्य असेल तिथे पदच गावात न्यावं. सरकारने बरीच पदं इकालुइटबाहेर, इग्लूलिक, बेकर लेक, अर्वियाट अशा गावांत आधीच वाटली आहेत, तेव्हा हे नवं नाही. इकालुइटला बसून करायलाच हवं असं काम वाटतं त्यापेक्षा थोडं असतं.

प्रश्न : मी कॅलगरीत राहतो. अशाच पदाच्या मुलाखतीला बोलावणं आलंय. तयारी काय करू? (कॅलगरी)

कलम 23 मूळातून वाचा, सारांश नको. नुनावुत सरकारचा तिमाही कर्मचारी अहवाल काढा, एक विभाग निवडा आणि त्याची वरच्यासारखी चार आकड्यांची मांडणी करून न्या. ‘पहिल्या सहा महिन्यांत काय कराल’ हा प्रश्न येणारच, त्याला कार्यशाळा आणि जनजागृती असं उत्तर देऊ नका. पाच पदं, पाच प्रशिक्षणार्थी, पाच मार्गदर्शक असं बोला. इनुइट भाषा, इंग्रजी आणि फ्रेंच या इथल्या अधिकृत भाषा, आणि 2008 च्या भाषा संरक्षण कायद्याने सरकारी कर्मचाऱ्याला इनुइट भाषेत काम करण्याचा हक्क दिला आहे. तुमचं कार्यालय तो कसा पाळेल, हेही विचारतील.

मुलाखतीत उत्तराआधी शांतता आली तर ती भरून काढायची घाई करू नका. तिथे विचार करून बोलणाऱ्याला कुणी मंद समजत नाही. वेळही नीट तपासा. नुनावुतमध्ये तीन वेळ-विभाग आहेत, इकालुइटला अकरा वाजतात तेव्हा केंब्रिज बेला नऊ वाजलेले असतात. रुजू झाल्यावर वेळेचंच आणखी एक भान ठेवा : मे-जूनमध्ये लोक शिकारी-मासेमारीसाठी बर्फावर जातात, तेव्हा परीक्षा आणि मुलाखती ठेवल्या तर उमेदवार मिळत नाहीत, आणि अहवालात मात्र ‘प्रतिसाद नाही’ असं नोंदलं जातं.

प्रश्न : मुलगा भारतातून थेट अर्ज करू शकतो का? (अकोला)

कॅनडात काम करण्याचा हक्क, म्हणजे नागरिकत्व, कायम वास्तव्य किंवा चालू परवाना नसेल तर नाही. या पदासाठी सरकार परवाना काढून देईल अशी आशा धरू नये.