वेढ्यातली निळी नोट

प्रश्न : माफेकिंगच्या वेढ्यात एक पौंडाची नोट नकाशाच्या निळ्या कागदावर काढली होती, असे वाचले. ती छापखान्यात का छापली नाही? घरी तसा ठसा उमटवता येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला (आजचे महिकेंग) बोअर (डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या) सैन्याचा वेढा १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९०० असा २१७ दिवस होता. बाहेरून रोकड येईना आणि हाती आलेले नाणे जो तो दडवू लागला. छापखाना गावात होता. १, २ आणि ३ शिलिंगांची कुपने साध्या छपाईने निघाली. मोठ्या रकमेला मात्र सहज नक्कल न होणारे चित्र हवे. गावाचा बचाव करणाऱ्या ब्रिटिश फौजेचे प्रमुख कर्नल बेडन-पॉवेल यांनी क्रोके या चेंडूच्या खेळातल्या लाकडी हातोड्याचे दोन भाग करून त्यातल्या एकावर पौंडाच्या नोटेचे चित्र काढले, कोरले दुसऱ्याने. ठसा मनासारखा उठला नाही, म्हणून तो १० शिलिंगांच्या नोटेला वापरला. पौंडासाठी नवे चित्र काढून त्याचा फोटो घेतला आणि निगेटिव्हवरून निळ्या कागदावर प्रती काढल्या.

तसा निळा ठसा घरी जरूर करून पाहा. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिली पाण्यात आणि १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड दुसऱ्या १०० मिली पाण्यात विरघळवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. पिवळ्या मंद दिव्यात दोन्ही द्रावणे समप्रमाणात मिसळून जाड कागदावर ब्रशने पातळ हात द्या. कागद अंधारात पूर्ण वाळवा. ओलसर राहिला तर निगेटिव्हला डाग पडतो. वर निगेटिव्ह, त्यावर काच, आणि कडेने घट्ट चिमटे. इथेच बहुतेकांचे फसते: काच किंचित उचललेली राहिली की बारीक अक्षरे फुटतात. उन्हात ठेवा. उघडा भाग राखाडी, कांस्यासारखा दिसू लागला की काढा आणि पिवळा रंग सुटायचा थांबेपर्यंत साध्या पाण्यात धुवा. विंधन विहिरीचे जड पाणी निळा रंग खाते. त्यात थोडे व्हिनेगर घाला.

प्रश्न : माझ्याकडे अशी एक पौंडाची नोट आहे. खरी कशी ओळखावी? – एक संग्राहक, नागपूर

उत्तर : दहापट भिंगाखाली पाहा. खऱ्या नोटेत निळा रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, छटा सलग उतरत जातात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरच्या छपाईची नक्कल, पुढे तपासायची गरज नाही. पौंडाच्या अस्सल नोटा सातशेच्याही आत निघाल्या, त्यामुळे स्वस्तात मिळाली असेल तर संशयच धरा. १० शिलिंगांच्या काही सुरुवातीच्या नोटांत ‘कमांडिंग’ या इंग्रजी शब्दातला मधला ‘डी’ गळलेला आहे. ती खूण अस्सल छपाईतलीच आहे. चूक दिसली म्हणून नोट बाद करू नका.

साबण, सोडा, खोडरबर काहीही लावू नका. अल्कलीने निळा रंग पिवळा पडतो आणि तो परत येत नाही. नोट ठेवायला अल्कलीयुक्त ‘आर्काइव्हल’ (जुनी कागदपत्रे जपायचा) कागदही नको. साधा, तटस्थ कागद घ्या. उजेडाने फिकी झालेली नोट मात्र काही दिवस अंधारात ठेवली की बरीचशी सावरते.

प्रश्न : वेढा उठल्यावर या नोटांचे पैसे मिळाले का? – एक वाचक, पणजी

उत्तर : हो. मुलकी कायदा पुन्हा सुरू झाल्यावर स्टँडर्ड बँकेच्या माफेकिंग शाखेत नाणी मिळतील, असे वचन नोटेवरच छापले होते. पण पुष्कळांनी त्या आठवण म्हणून जपल्या, वटवल्याच नाहीत. म्हणून तर आज त्या हाताळायला मिळतात.