परफ्युम मारला की घरात लवंगेचा वास का सुटतो?

प्रश्न: ताई, मी भुसावळची. भाच्यानं पुण्याहून ओ द पर्फ्युम (जरा जास्त तीव्र प्रकारचा परफ्युम) आणून दिलं, त्यात गुलाब, कार्नेशन आणि लवंग आहे म्हणे. तो सांगत होता की दुकानात कागदाच्या पट्टीवर एकदम भारी वाटलं होतं. मी लावलं की दोन तासांत मला वासच येत नाही म्हणून परत दोन फवारे मारते आणि सासूबाई म्हणतात घरात दाताच्या डॉक्टरकडचा वास सुटलाय. खराब झालंय का?

उत्तर: खराब वगैरे काही नाही हो, उलट सासूबाईंचं नाक पक्कं आहे! लवंगेच्या तेलात मुख्य असतं ते युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य, कार्नेशनच्या फुलातही तेच असतं, आणि दाताचे डॉक्टर दातात तात्पुरतं भरतात त्या सिमेंटमध्येही तेच. म्हणून कार्नेशन फूल असूनही मसालेदार लागतं. नीना रिची कंपनीचं १९४८ चं लेर द्यू तां हे परफ्युम ह्याच कार्नेशनसाठी ओळखलं जातं, तिथं ते मऊ आहे, १९७७ च्या ओपियम नावाच्या परफ्युममध्ये मसाल्याचा जोर जास्त.

आता दोन तासांचं. वास गेलेला नाही, तुमच्या नाकाला त्याची सवय झालीये. आपण काळा मसाला भाजतो तेव्हा भाजणारीला थोड्या वेळानं काही जाणवत नाही आणि दारातून आत येणाऱ्याला ठसका लागतो, तसंच हे. त्यामुळे परत मारू नका, घरच्यांना विचारा.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा! पारा ४० च्या वर गेला की लिंबू-संत्र्यासारखे वरचे हलके वास झटक्यात उडतात आणि मागे लवंग राहते, कागदावर एसीत वेगळं आणि अंगावर वेगळं ते ह्यामुळेच, त्यात कोरड्या कातडीवर वास टिकतही नाही. म्हणून आधी बिनवासाचं लोशन लावा, मग एकच फवारा, तोही संध्याकाळी. मनगटं घासायची नाहीत. लावून लगेच कूलरसमोर बसू नका, नाहीतर अख्खी गल्ली दाताच्या दवाखान्यात! बाटली खिडकीत नाही, कपाटात ठेवा. थंडीत हेच छान खुलेल, फक्त शेतातल्या भरीत पार्टीला नको, तिथं वांग्याच्या धुरापुढे कुणाचं चालत नाही.

आणि युजेनॉल काहींच्या कातडीला सोसत नाही, खाज आली तर ओढणीला लावा, फक्त पांढरी नको, डाग पडतो.