वणव्याची तयारी ऑक्टोबरात करा, तणनाशकाच्या नादी लागू नका

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही बागायतदारांनी विचारले आहे की, घराच्या वरच्या अंगाला मालकीचे जंगल, खालच्या अंगाला काजूची बाग आणि त्यापलीकडे गवताळ सडा (कातळाचे पठार) आहे. सड्यावरून जवळजवळ दरवर्षी वणवा येतो. दुकानदार जानेवारीत तणनाशक मारायला सांगतो, तर शेजारी सीमेवरचा पट्टा जाळून घ्यायला सांगतात. तेव्हा नेमके काय करावे? यांपैकी काहीही करू नये. गवत हिरवे असतानाच सीमेवरचा पट्टा कापावा, कापलेले गवत ओढून बाहेर काढावे आणि खालची जमीन खरवडून उघडी करावी.

तणनाशकाचे आधी सांगतो, कारण पैसा तिथेच वाया जातो. तणनाशकाने गवत मरते, नाहीसे होत नाही. मेलेले गवत जागेवर उभे राहते आणि वाळते, म्हणजे वणव्याला लागणारे जळण आपण स्वतःच्या खर्चाने तयार करून ठेवतो. ग्लायफोसेट हे नेहमी विकले जाणारे तणनाशक हिरव्या, वाढत्या पानांतून मुळांपर्यंत उतरते. जानेवारीत पिवळ्या पडलेल्या गवतावर ते फवारून उपयोग होत नाही. गुण आला नाही की मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला मिळतो आणि वाऱ्याने उडालेले औषध काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि लहान कलमांवर बसते. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरता मर्यादित केला आहे, याची माहिती दुकानात क्वचितच दिली जाते. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाने गवत दोन-तीन दिवसांत करपते म्हणून ते सुचवले जाते. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, आणि चढावर, वाऱ्यात, तोंडाला फडके बांधून ते मारणे हा जिवाशी खेळ आहे. वणवा रोखण्यासाठी तणनाशक वापरू नये, कोणत्याही मात्रेत वापरू नये.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ जाळरेषेसाठी, म्हणजे आग अडवणाऱ्या या मोकळ्या पट्ट्यासाठी, योग्य असतो. त्याच दिवसांत भातकापणी असते आणि माणसे मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सगळा सडा कापायचा नाही, फक्त सीमेचा पट्टा कापायचा आहे. सपाटीवर किमान 3 मीटर आणि जिकडून आग चढून येते त्या खालच्या अंगाला 6 मीटर रुंदी ठेवावी, कारण चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर झुकतात, ते आधीच तापवतात आणि आग वेगाने वर धावते. डिसेंबरात फुटवा आला तर पट्टा पुन्हा कापावा. कापलेले गवत पट्ट्यातच पसरून ठेवणारे बरेच आहेत; ती जाळरेषा नव्हे, ती वात आहे. ते गवत गुरांना घालावे किंवा खताच्या खड्ड्यात टाकावे, आणि काजूच्या आळ्यात आच्छादन म्हणून वापरायचे असल्यास खोडापासून दूर ठेवून वर माती ओढावी. जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात ग्रास कटर चालवू नये. लोखंडी पाते कातळावर घासून ठिणगी उडते. तापलेल्या यंत्रात गवतातच उभे राहून पेट्रोल भरणे तर साफ टाळावे.

पट्टा जाळून घेण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी समुद्रावरचा वारा सुटल्यावर चार माणसे आणि दोन कळशा पाणी एवढ्यावर जाळ आवरत नाही. वनविभाग 15 फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतो आणि आपली आग राखीव वनात शिरल्यास 1927 च्या वन अधिनियमाखाली गुन्हा होतो. जाळल्याने गवत चांगले येते हा समज पहिल्या फुटव्याच्या हिरवेपणावरून झाला आहे. कातळावरची माती आधीच बोटभर जाडीची असते आणि राख पहिल्या मोठ्या सरीत वाहून जाते. तरव्याची भाजावळ, म्हणजे भाताची रोपे करण्याआधी ती जागा भाजणे, ज्यांना करायची असते त्यांनी ती पहाटे, वारा पडलेला असताना, भोवतालची जागा साफ करून करावी आणि निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये.

घरापाशी ज्वाळेपेक्षा उडून आलेली ठिणगी अधिक घातक ठरते. कौलांच्या सांध्यात आणि पन्हळीत साचलेला पातेरा (वाळका पाला), ओटीखाली रचलेली लाकडे आणि गोठ्याला टेकून उभी केलेली गवताची उडवी यांवर ती पडते. उडवी घर आणि गोठा यांपासून किमान 15 मीटर दूर असावी. भिंतीलगत दीड मीटर जमीन उघडी ठेवावी आणि पुढे 10 मीटरपर्यंत वाळलेले काहीही राहू देऊ नये. गडग्यावर (दगडी कुंपणावर) भिस्त ठेवणाऱ्यांनी तो एकदा जवळून पाहावा. चिऱ्यांच्या फटींत पातेरा ठासून भरलेला असतो, वर रानमोडी हे झुडपी तण वाढलेले असते आणि आग दगडांतूनच पलीकडे जाते.

मालकीच्या जंगलात झाडे तोडून रान मोकळे करण्याची गरज नाही. सावली टिकली तर खाली गवत कमी वाढते, म्हणून वरचे छत राखावे आणि आगीला वर चढायला आधार देणारी खालची झुडपे काढावीत. रानमोडी सप्टेंबर-ऑक्टोबरात माती ओली असताना मुळासकट उपटावी. पुढे ती फुलते, बी वाऱ्यावर जाते आणि वाळलेल्या काड्या भडकून पेटतात. मोठ्या झाडांच्या जमिनीपासून 2 मीटरपर्यंतच्या सुक्या फांद्या छाटाव्यात. ऐन, किंजळ, खैर, साग, आंबा, फणस ही झाडे तोडण्यास राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमानुसार परवानगी लागते, त्यामुळे वणव्याचे कारण सांगून लाकूड नेऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्याचे ऐकू नये.

होरपळलेल्या कलमांविषयी सांगायचे तर, टॉनिक, जादा युरिया आणि पॅक्लोब्युट्राझोल यांपैकी काहीही देऊ नये. पॅक्लोब्युट्राझोल वाढ रोखते आणि भाजलेल्या झाडाला तर नवी पालवीच हवी असते. तरीही मोहोर लवकर येईल असे सांगून ते विकले जाते. खोडाला 10 टक्के बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी. फांद्या लगेच छाटू नयेत. पावसाळ्यात फूट कुठवर येते ते पाहून मेलेला भाग काढावा. काजूच्या बुंध्याशी भुसा किंवा डिंक दिसल्यास खोडकिडा शिरला आहे असे समजून अळी काढावी.

हवामानावर आधारित फळपीक विमा वणव्याचे नुकसान धरत नाही. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतील बाग जळाल्यास सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) लेखी कळवावे. वणवा दिसताच वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवावे आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोफत आगसूचनेसाठी आपला मोबाइल नोंदवून ठेवावा. जळालेली झाडे ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा (पूर्वीचे तलाठी) पंचनामा होईपर्यंत हलवू नयेत.