कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी केस गळून चट्टे पडलेत. कोणता शाम्पू किंवा तेल लावावं?

शाम्पूचं नाव मी सांगणार नाही. टक्कल कशानं पडलंय हे कळायच्या आत बाटली उघडायची, हा कारभारच उलटा आहे. यावरून मी घरात पुष्कळ भांडले आहे.

आमची कुत्री मध्यम वयाची झाली तेव्हा तिच्या दोन्ही कुशी विरळ व्हायला लागल्या. डावीकडे जसं, तसंच उजवीकडे. शेपटीवरचे केस जाऊन नुसती दोरी राहिली. खाणं तेवढंच, वजन मात्र वाढतंय, आणि बेल वाजली तरी ती मान उचलायची नाही. मोठ्या दिरांनी लांबूनच निकाल दिला, "लूत लागलीय. बाहेर बांधा हिला, पोरांना लागेल."

मी एवढंच विचारलं, "भाऊजी, ही खाजवताना दिसली का तुम्हाला कधी?" लूत म्हणजे खरूज, आणि खरजेचे किडे त्वचेत शिरले की कुत्रं धड झोपत नाही. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे घोटे आधी उघडे पडतात. कानाची कड बोटांत धरून चोळली की बहुतेक वेळा मागचा पाय आपोआप हलायला लागतो. आमची शांत पडून राहिली.

पहिल्या डॉक्टरांनी हात न लावता स्टेरॉइडचं इंजेक्शन भरायला घेतलं. मी देऊ दिलं नाही. डेमोडेक्सचे, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारे, बारीक किडे असतील तर स्टेरॉइडनं ते फोफावतात, आणि थायरॉइडचा आकडा स्टेरॉइडनं खाली येतो, म्हणजे पुढची तपासणीही नासते. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र ब्लेडला तेलाचा थेंब लावला, त्वचा चिमटीत दाबली आणि बारीक रक्त झिरपेपर्यंत खरवडून ते काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली काही नव्हतं. मग रक्त तपासलं. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी; ते बनवायला सांगणारं टीएसएच जास्त. थायरॉइडच! लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या जन्मभर चालणार.

केस भरायला महिने लागले. भाऊजी अजूनही सांगतात की त्यांनी आणलेल्या औषधी शाम्पूनंच केस आले. अहो, केस यायच्या कितीतरी आधी ती बेल वाजली की भुंकत दाराशी धावायला लागली होती. ते काय शाम्पूनं झालं? शाम्पूनं कोंडा जातो, वरवरचा जंतुसंसर्ग आटोक्यात येतो, डॉक्टरांनी सांगितला तर जरूर वापरावा. रक्तातलं हार्मोन त्यानं वाढत नाही.

आता तुमचं. शेपटीचं मूळ आणि कंबर एवढंच उघडं पडलं असेल आणि कुत्रा तिथे सारखा चावत असेल, तर आधी पिसवांचा संशय घ्या. पिसवा दिसल्याच पाहिजेत असं नाही. अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही भयंकर खाज सुटते. बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग घरातल्या सगळ्या जनावरांना औषध द्यावं लागतं, अंथरुणं गरम पाण्यात धुवावी लागतात. कोशातल्या पिसवा मागाहून बाहेर येतात, म्हणून एका महिन्यात थांबायचं नाही. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजर दगावतं.

खाज अजिबात नसेल तर आमच्यासारखं रक्त तपासायला सांगा. पाणी फार पीत असेल आणि पोट सुटलं असेल तर कुशिंगचीही, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त होण्याच्या आजाराची, तपासणी हवी. गोल, खवले धरलेला चट्टा नायट्याचा असू शकतो, तो माणसालाही होतो, हातमोजे घाला. आणि हे सांगायलाच हवं, की खरवडून काही सापडलं नाही म्हणजे खरूज नाहीच असं होत नाही, तिचे किडे बरेचदा हाती लागत नाहीत. खाज प्रचंड असेल तर डॉक्टर तपासणी कोरी आली तरी खरजेचं औषध देऊन बघतात, आणि ते बरोबरच आहे.

कोणी आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध टोचून घ्या म्हणालं तर कुत्रा कोली किंवा त्या वळणाच्या जातीचा आहे का ते आधी डॉक्टरांना सांगा. त्यातल्या अनेकांच्या मेंदूत ते औषध शिरतं.