‘शिक्षणास योग्य’ असा दाखला देणारी चाचणी कोणती?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करते. दुसऱ्या वर्षातील १९ वर्षांचा एक विद्यार्थी माझ्या पालक-शिक्षक गटात आहे. गेल्या तीन महिन्यांत त्याने वर्गात येणे जवळजवळ सोडले आहे. वसतिगृहातील मुले माझ्या मनातले विचार ऐकतात आणि ते मोबाइलवरून सगळ्यांना कळवतात, असे तो सांगतो. मोबाइलचा कॅमेरा त्याने चिकटपट्टी लावून झाकला आहे. तो रात्ररात्र जागतो, आंघोळ टाळतो, मध्येच एकटा हसतो. वडिलांच्या मते हा अभ्यासाचा ताण आहे, तर आईच्या मते बाहेरची बाधा. मानसशास्त्रीय चाचणी करून ‘शिक्षणास योग्य’ असा दाखला आणला तरच परीक्षेला बसू देऊ, असे प्राचार्यांनी सांगितले आहे. ही चाचणी कोणती, ती कोठे होते आणि तिचा अहवाल महाविद्यालय मागू शकते का?

उत्तर : असा दाखला देणारी कोणतीही एक चाचणी अस्तित्वात नाही, आणि तिच्या शोधात आठवडे घालवणे या मुलाला परवडणारे नाही. आपण लिहिलेली लक्षणे पाहता त्याला या आठवड्यातच मनोविकारतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक आहे. स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुधा याच वयात प्रथम दिसतात, आणि उपचारांवाचून जितका काळ जातो तितके पूर्ववत होणे कठीण होते. मात्र आपल्या पत्रावरून त्याला अमुक आजार आहे असे मी म्हणणार नाही. तसे कोणी म्हणूही नये.

तपासणीचा मोठा भाग कागद-पेन्सिलीशिवाय होतो. बदल नेमका कधी सुरू झाला, त्याआधी तो कसा होता, घराण्यात कोणाला असा आजार होता का, ही माहिती आई-वडिलांकडून, भावंडांकडून आणि शक्य तर खोलीतील जोडीदाराकडून घेतली जाते. त्यानंतर मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे होते. आवाज ऐकू येतात का, ते कानाने ऐकू येतात की मनातल्या मनात, ते शेरे मारतात की हुकूम सोडतात, हे एकेक करून विचारले जाते, कारण हुकूम सोडणाऱ्या आवाजांमुळे जिवाला धोका असू शकतो. लक्ष किती टिकते हे पाहण्यासाठी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगतात. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीचा अर्थ विचारतात. एखादा रुग्ण त्यावर नदीच्या पात्राचेच वर्णन करत राहतो, आणि त्यावरून विचारांची घडण कळते. म्हणूनच ही मुलाखत शक्यतो मातृभाषेत व्हावी, असा माझा आग्रह असतो. घरच्या रीतीप्रमाणे अंगात येणे आणि आजारातला भास यांतला फरकही आपल्याकडचे रीतिरिवाज ठाऊक असलेल्या तज्ज्ञालाच नीट कळतो.

त्याचबरोबर शरीराची तपासणीही होते. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, काही प्रकारचे अपस्मार (फिट येण्याचा आजार), मेंदूचा दाह आणि गांजा यांमुळे अशीच लक्षणे दिसू शकतात. गांजाचा प्रश्न आई-वडिलांसमोर विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चाचण्यांचे स्थान यानंतरचे आहे. हर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली शाईच्या डागांची दहा कार्डे आपल्याकडे अजूनही वापरली जातात. त्यांतून विचारपद्धतीविषयी काही धागे मिळतात, पण केवळ त्यांच्यावरून निदान करता येत नाही. शेकडो विधानांची व्यक्तिमत्त्व-प्रश्नावली आज या मुलाला दिली, तर ती कोण वाचणार या संशयानेच तो उत्तरे देईल. बुद्ध्यंकाची चाचणी तर सध्या टाळावीच, कारण आजाराच्या भरात मिळालेला कमी आकडा त्याच्या कागदपत्रांत कायमचा चिकटून राहतो. प्रकृती स्थिरावल्यावर लक्ष आणि स्मरणशक्ती यांची चाचणी मात्र उपयोगी पडते, कारण अभ्यास किती झेपेल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. चाचणी घेणारे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

निदान पहिल्या भेटीतच होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार स्किझोफ्रेनिया म्हणण्यासाठी लक्षणे किमान एक महिना असावी लागतात, तर अमेरिकन पद्धतीत आजाराची चिन्हे सहा महिने टिकावी लागतात. शिवाय तीव्र नैराश्यात किंवा उन्मादातही (मॅनिया, म्हणजे मन अतिउत्तेजित होण्याच्या आजारातही) भास आणि संशय दिसतात. त्यामुळे सुरुवातीचे निदान तात्पुरते असते. उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

आता प्राचार्यांच्या अटीविषयी. विद्यार्थी सज्ञान आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या आजाराची माहिती गोपनीय राहण्याचा त्याला हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्याच्या संमतीवाचून अहवाल महाविद्यालयाकडे जाऊ शकत नाही. त्याच्या संमतीने डॉक्टर एवढेच लिहू शकतात की तो उपचार घेत आहे आणि त्याला अमुक काळ रजा किंवा सवलत हवी. वर्ग चालवण्यासाठी याहून अधिक माहितीची गरज कोणाला का भासावी, हे मला समजत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला रुग्णालयात दाखल करण्याचा अधिकारही महाविद्यालयाला नाही. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे बहुधा पालकांचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि हा मार्ग गंभीर धोका असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच उरली नसेल तेव्हाचा आहे.

आपण दोन गोष्टी कराव्यात. आपली निरीक्षणे तारखेसह लिहून ठेवावीत; ‘विचित्र वागतो’ असे लिहिण्यापेक्षा ‘प्रात्यक्षिक चालू असताना तीनदा उठून दारामागे पाहून आला’ असे लिहिलेले डॉक्टरांना अधिक कामाचे ठरते. दुसरे म्हणजे, त्याच्या संशयावर वाद घालू नये आणि होकारही भरू नये. ‘झोप नाही, त्रास होतो आहे, त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ’ एवढ्यावर पुष्कळ मुले तयार होतात. आईला अंगारा लावायचा असेल तर लावू द्यावा, पण बाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे वडिलांच्या कानावर घालावे.

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवता येईल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली, किंवा आवाज तसे सांगतात असे तो म्हणाला, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. परीक्षेच्या अर्जाचे काय करायचे, ते नंतर ठरवता येईल.