एक कार्ड, दोन प्रोटोकॉल

प्रश्न : डॉसच्या मशीनमध्ये एनई२००० हे नेटवर्क कार्ड आहे. आयपीएक्स.कॉम (नोव्हेलचा आयपीएक्स प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवर बोलण्याचे नियम, चालवणारा प्रोग्राम) चालवून नेटवेअर ३.११ (नोव्हेलची जुनी सर्व्हर प्रणाली) च्या सर्व्हरवर लॉगइन होतं, पण त्यानंतर टीसीपी/आयपी चालत नाही. दुसरं कार्ड घालावं लागेल का?

उत्तर : नाही. अडचण आयपीएक्स.कॉमची आहे. त्यात कार्डाचा ड्रायव्हर आणि प्रोटोकॉल एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे कार्ड त्याच्याच ताब्यात राहतं. त्याऐवजी ओडीआय ड्रायव्हर (एका कार्डावर अनेक प्रोटोकॉल चालू देणारे) वापरा आणि क्रम नीट पाळा: एलएसएल (कार्ड आणि प्रोटोकॉल यांमधला दुवा), एनई२००० (कार्डाचा ड्रायव्हर), आयपीएक्सओडीआय (आयपीएक्स प्रोटोकॉल), टीसीपीआयपी (लॅन वर्कप्लेस या नोव्हेलच्या टीसीपी/आयपी पॅकेजमधला), शेवटी नेटएक्स (सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्राम). एलएसएल प्रत्येक फ्रेम (वायरीवरून येणारं डेटाचं पाकीट) पाहून ती योग्य प्रोटोकॉलकडे देतं.

नेट.सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लिंक ड्रायव्हर एनई२०००’ खाली पोर्ट ३०० आणि कार्डावरच्या जंपरप्रमाणे इंटरप्ट (कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधतं ती ओळ) लिहा. इंटरप्ट ३ ठेवला तर तो कॉम२ (दुसरं सिरीयल पोर्ट) शी भांडतो. मोडेम किंवा माउस तिथे असेल तर ५ घ्या. मग फ्रेमचे दोन प्रकार: आधी इथरनेट_८०२.३, नंतर इथरनेट_II. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वेगळं काही सांगितलं नसेल तर आयपीएक्सओडीआय पहिल्या फ्रेमलाच बांधलं जातं. टीसीपी/आयपी इथरनेट_II वर चालतं. त्यासाठी ‘लिंक सपोर्ट’खाली ‘बफर्स ८ १५००’ (आलेला डेटा ठेवायला १५०० बाइटच्या ८ जागा) ही ओळही हवी. आयपीएक्सला बफर लागत नाहीत, म्हणून ही ओळ हमखास राहून जाते आणि दोष टीसीपी/आयपीच्या माथी येतो.

एका वायरीवर दोन फ्रेम गोंधळत नाहीत, कारण पत्त्यांनंतरच्या दोन बाइटमधला आकडा १५०० पर्यंत असेल तर ती लांबी समजतात, १५३६ किंवा जास्त असेल तर प्रोटोकॉलचा प्रकार. आयपीचा प्रकार हेक्समध्ये ०८००.

प्रश्न : सर्व्हर नेटवेअर ३.१२ वर नेल्यापासून जुनी मशीन ‘फाइल सर्व्हर सापडला नाही’ म्हणतात, नवी मात्र चालतात.

उत्तर : केबल तपासण्यात वेळ घालवू नका. ३.११ ची मूळ फ्रेम ८०२.३, ३.१२ ची ८०२.२. सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.एनसीएफ फाइलमध्ये फ्रेम लिहिलेली नसेल तर ती न कळत बदलते. सर्व्हरवर ड्रायव्हर दोनदा लोड करा, एकेका फ्रेमसाठी, वेगळी नावं देऊन. आणि आयपीएक्स बांधताना प्रत्येकीला वेगळा नेटवर्क क्रमांक द्या. त्याच वायरीवर दुसरा सर्व्हर असेल तर एका फ्रेमचा क्रमांक दोन्हीकडे एकच हवा, नाहीतर ‘राउटर कॉन्फिगरेशन एरर’ येत राहील.

ही सोय तात्पुरतीच ठेवा. सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपल्या सेवा आणि मार्ग जाहीर करतो. दोन फ्रेम असल्या की हे सगळं दोनदा जातं. एकेका मशीनची नेट.सीएफजी ८०२.२ वर आणा, मशीन पुन्हा सुरू करा, आणि शेवटचं झालं की सर्व्हरवरची ८०२.३ काढून टाका.